चिनी भाषांतील कौटुंबिक आदर-संबोधने

१. प्रश्नाचे स्वरूप

आदर व्यक्त करण्याची साधने सर्व भाषांत सारखी नसतात. मराठीत वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना आदर हा वाक्यभर पसरलेला असतो. ‘तुम्ही’ अथवा ‘आपण’ हे सर्वनाम, त्याच्याशी जुळणारे अनेकवचनी क्रियापद, नावाला जोडले जाणारे ‘राव’, ‘पंत’, ‘बाई’, ‘ताई’ यांसारखे शब्द, आणि नातेवाचक नाम अशी निदान चार साधने मराठी बोलणाऱ्याच्या हाताशी असतात. त्यांपैकी एखादे गळाले तरी दुसरे त्याची उणीव भरून काढते. ‘आजी, तू जेवलीस का?’ या वाक्यातील सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही एकेरी आहेत. परंतु ते वाक्य कोणालाही अनादराचे वाटत नाही, कारण ‘आजी’ या एका शब्दाने आपले काम केलेले असते.

चिनी भाषांत क्रियापदाला पुरुष, लिंग अथवा वचन यांनुसार कोणताही विकार होत नाही. त्यामुळे आदरार्थी अनेकवचनाचा मार्ग तेथे मुळातच बंद आहे. सर्वनामाची मदतही थोडीच होते. बीजिंगच्या आणि एकंदर उत्तरेच्या बोलीत ‘नी’ म्हणजे ‘तू’ आणि ‘नीन’ म्हणजे ‘आपण’ असा भेद आहे खरा. पण दक्षिणेतील कँटनीज भाषेच्या रोजच्या बोलण्यात तोही नाही. आजोबांना आणि धाकट्या भावाला तेथे एकच सर्वनाम लागू पडते. मग ज्या समाजाने वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराला आपल्या नीतिशास्त्राचा पाया मानले, त्या समाजाच्या भाषेत हा आदर राहतो तरी कोठे? तो प्रामुख्याने नातेवाचक शब्दात राहतो, हे या प्रश्नाचे उत्तर होय. परंतु या उत्तराचा नेमका अर्थ काय, हे पाहण्यासाठी चिनी नातेशब्दांची केवळ यादी पुरेशी पडत नाही. ते शब्द कोण, कोणाला, केव्हा आणि कोणाच्या देखत उच्चारतो, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रारंभी दोन खुलासे करणे आवश्यक आहे. पहिला असा की, ‘चिनी भाषा’ ही वस्तुतः एक भाषा नव्हे. उत्तरेकडील मँडरिन, क्वांगतुंग प्रांतातील आणि हाँगकाँगमधील कँटनीज, फूच्येन प्रांतातील दक्षिण भागाची व तैवानमधील होक्क्येन या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे समजत नाही. लिपी आणि ग्रंथपरंपरा समान असल्यामुळे त्यांना एका नावाखाली आणले जाते. दुसरा खुलासा उच्चारांविषयी आहे. मँडरिनमध्ये स्पर्शव्यंजनांचा भेद घोष-अघोष असा नसून अल्पप्राण-महाप्राण असा आहे. रोमन लिपीत ब, द, ग या ध्वनींच्या चिन्हांनी लिहिली जाणारी व्यंजने म्हणूनच देवनागरीत प, त, क अशी लिहिणे अधिक यथार्थ ठरते, आणि येथे तसेच केले आहे. चिनी भाषांतील सुरभेद मात्र देवनागरीत दाखविलेले नाहीत.

२. निर्देश आणि संबोधन

नातेसंबंधांच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात ज्या ग्रंथापासून मानली जाते, त्या लुइस हेन्री मॉर्गन यांच्या १८७१ सालच्या ग्रंथात चिनी नातेशब्दांचीही सारणी आहे. चीनच्या सागरी जकात खात्याचे प्रमुख रॉबर्ट हार्ट यांनी ती माहिती पुरविली होती. ‘वडिलांच्या थोरल्या भावाला काय म्हणतात?’ अशा प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे अशा सारणीत मिळतात. परंतु ‘म्हणतात’ या क्रियापदात दोन वेगळ्या क्रिया लपलेल्या आहेत, हे सारणीत दिसत नाही. एखाद्या माणसाविषयी तिसऱ्याशी बोलणे ही एक क्रिया, आणि त्याच माणसाला समोरासमोर हाक मारणे ही दुसरी. पहिलीला निर्देश आणि दुसरीला संबोधन म्हणता येईल.

चिनी भाषांच्या बाबतीत हा भेद स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय भाषाशास्त्रज्ञ चाओ युएन-रन यांच्या १९५६ सालच्या निबंधाला द्यावयास हवे. त्यांनी चिनी संबोधने आणि निर्देशशब्द यांचे वर्ग अलग केले. त्यापूर्वी १९३७ साली फेङ् हान-यी यांनी चिनी नातेव्यवस्थेचा दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास ग्रंथांच्या आधारे मांडला होता. या दोन अभ्यासांना एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. निर्देशशब्दांचे कार्य नात्याचे वर्णन करणे हे आहे. संबोधनाचे कार्य मात्र त्या नात्यातील आपले स्थान मान्य करणे हे आहे. आदराचा प्रश्न दुसऱ्या कार्याशी निगडित आहे.

३. पिढी, वय आणि कूळ

मँडरिनमधील संबोधनांची रचना तीन तत्त्वांवर उभी आहे: पिढी, त्याच पिढीतील वयाचा क्रम आणि पितृकुल-मातृकुल हा भेद. वडिलांचा थोरला भाऊ ‘पोपो’, धाकटा भाऊ ‘षूषू’, वडिलांची बहीण ‘कूकू’. आईचा भाऊ ‘च्यौच्यौ’ आणि आईची बहीण ‘यी’ किंवा ‘यीमा’. वडिलांचे आईवडील ‘येये’ आणि ‘नाइनाइ’. आईचे आईवडील उत्तरेत ‘लाउये’ आणि ‘लाउलाउ’, तर दक्षिणेकडे सामान्यतः ‘वाइकुङ्’ आणि ‘वाइफो’. या शेवटच्या दोन शब्दांतील ‘वाइ’ या पदाचा अर्थच ‘बाहेरचा’ असा आहे. चुलत भावंडांना ‘थाङ्’ हे पद लागते. त्याचा अर्थ घराचे मुख्य दालन. आते, मामे आणि मावस भावंडांना ‘प्याउ’ लागते. त्याचा अर्थ बाह्य. एका छपराखालचे आणि छपराबाहेरचे अशी ही विभागणी आहे. आत्या, मामा, मावशी आणि चुलता असे चार शब्द ज्याच्या भाषेत आहेत, त्या मराठी वाचकाला यातील बराचसा भाग परिचित वाटेल. अपरिचित वाटेल तो वयाच्या क्रमाचा काटेकोरपणा.

सख्ख्या भावंडांसाठीदेखील ‘भाऊ’ अथवा ‘बहीण’ असा एकेरी शब्द व्यवहारात नाही. थोरला भाऊ ‘कअकअ’, धाकटा ‘तीती’. थोरली बहीण ‘च्येच्ये’, धाकटी ‘मेइमेइ’. शिवाय जन्मक्रमाचा अंक शब्दाला जोडला जातो. वडील तीन भावांतील मधले असतील, तर मुलांचा थोरला काका ‘ता-पो’ आणि धाकटा ‘सान-षू’, म्हणजे ‘तिसरा षू’, होतो. दुसरा क्रमांक यात कोठेच येत नाही, कारण ते स्थान स्वतः वडिलांचे असते. अशा रीतीने मूल प्रत्येक हाकेबरोबर आपल्या वडिलांचेही कुटुंबातील स्थान नकळत उच्चारत असते.

पिढी आणि वय यांत विरोध उत्पन्न झाला, तर पिढीचे पारडे जड ठरते. विस्तृत कुळांत काका पुतण्याहून वयाने लहान असणे अगदी शक्य असते. अशा वेळी वयाने मोठा असलेला पुतण्याच धाकट्या काकाला नात्याने हाक मारतो. पिढीतील या स्थानाला ‘पेइफन’ असे स्वतंत्र नाव आहे. अनेक कुळांत प्रत्येक पिढीसाठी एक अक्षर आधीच ठरलेले असते आणि त्या पिढीतील सर्वांच्या नावांत ते अक्षर येते. कन्फ्यूशिअसच्या वंशाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या ७७व्या पिढीतील वंशप्रमुख खुङ् तअ-छङ् (१९२०–२००८) यांच्या नावातील ‘तअ’ हे त्यांच्या पिढीचे अक्षर होते. त्यांच्या पुत्राच्या पिढीचे ‘वेइ’ आणि नातवाच्या पिढीचे ‘छुइ’. या कुळातील दोन अनोळखी माणसे प्रथमच भेटली, तरी केवळ नावे ऐकून कोणी कोणाला आजोबा म्हणावयाचे, हे त्यांना कळू शकते.

या सूक्ष्म भेदांचे कारण केवळ भाषिक नाही. ‘यी-ली’ या प्राचीन आचारग्रंथात मृताच्या नात्यानुसार शोकवस्त्रे कोणती व किती काळ धारण करावयाची, याचे नियम आले आहेत. पुढे पाच श्रेणींची ही व्यवस्था कुलधर्माचा आणि कायद्याचाही भाग बनली. ज्याच्यासाठी शोक पाळावयाचा त्याचे नाते नेमके ठाऊक असणे अशा समाजात अपरिहार्यच होते. नातेशब्दांना जी सूक्ष्मता आली, तिच्यामागील एक कारण म्हणून फेङ् यांनी या शोकश्रेणींचा निर्देश केला आहे.

४. हाक हेच वंदन

वरील शब्दांचा उपयोग पाहू लागल्यावर पहिली गोष्ट दिसते ती अशी की, ही संबोधने मुख्यतः खालून वर जातात. थोरल्यांनी धाकट्यांना नावाने अथवा लाडक्या नावाने हाक मारावी. धाकट्यांनी थोरल्यांना नात्यानेच हाक मारावी. पुतण्या, भाचा, नातू यांच्यासाठी शब्द आहेत, पण ते बहुतांशी निर्देशाचे शब्द आहेत. वरच्या दिशेला नाते आणि खालच्या दिशेला नाव, असा हा साधा नियम होय. वडीलधाऱ्याचे व्यक्तिनाम उच्चारणे हा प्राचीन काळापासून निषेधाचा विषय होता. सम्राटांच्या बाबतीत तर त्यांच्या नावातील अक्षर इतरत्रही टाळण्याची प्रथा होती, आणि त्यापायी गावांची व पदांची नावे बदलल्याची उदाहरणे चिनी इतिहासात पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मँडरिनमध्ये ‘च्याउ रन’ असा एक प्रयोग आहे. शब्दशः त्याचा अर्थ ‘माणसाला हाक मारणे’. परंतु कुटुंबात त्याचा अर्थ ‘वडीलधाऱ्यांना योग्य नात्याने संबोधून अभिवादन करणे’ असा होतो. पाहुणे घरी आले म्हणजे आई मुलाला ‘हाक मार’ असे सांगते. मुलाने ‘सान-षू’ एवढाच शब्द उच्चारला की अभिवादन पूर्ण झाले. त्यापुढे नमस्काराच्या अर्थाचा दुसरा शब्द नसला तरी चालतो. परंतु नातेशब्द वगळून केवळ कुशलप्रश्न विचारला, तर मूल असंस्कृत ठरते. आपल्याकडे लहान मुलाला ‘पाया पड’ असे सांगितले जाते, तेथे चिनी घरात ‘हाक मार’ असे सांगितले जाते. ज्याला मराठीत आपण संबोधन म्हणतो, ते तेथे संभाषणाचे प्रास्ताविक नसून एक स्वयंपूर्ण कृती आहे.

अनेक कँटनीज कुटुंबांत जेवणापूर्वी हीच कृती क्रमाने घडते. घरातील धाकटी माणसे घास घेण्यापूर्वी प्रत्येक वडीलधाऱ्याला नात्याने संबोधून ‘जेवा’ असे म्हणतात: ‘आ-ये सिक् फान’, म्हणजे ‘आजोबा, जेवा’, मग आजीला, मग वडिलांना, मग आईला. क्रम चुकता कामा नये. वाक्यातील ‘सिक् फान’ हे क्रियावाचक शब्द प्रत्येक वेळी तेच राहतात. बदलते ते केवळ संबोधन. आदराचा सर्व भार एका शब्दावर पडतो म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

तिसरे उदाहरण विवाहविधीतील आहे. नियोजित वधू वराच्या आईवडिलांना विवाहापूर्वी ‘षूषू’ आणि ‘आयी’, म्हणजे काका आणि मावशी, असे सौम्य अंतर राखणारे शब्द वापरते. विवाहप्रसंगी ती त्यांना चहाचा पेला देते आणि प्रथमच ‘पा’ आणि ‘मा’, म्हणजे वडील आणि आई, अशी हाक मारते. ते त्या हाकेला ‘ओ’ देतात आणि लाल पाकिटातून पैसे देतात. वरालाही वधूच्या आईवडिलांच्या बाबतीत हेच करावे लागते. या विधीला ‘काइ खोउ’, म्हणजे ‘तोंड बदलणे’, असे अर्थपूर्ण नाव आहे. नाते आधी जुळले आणि मग त्याला शब्द मिळाला, असे येथे घडत नाही. शब्द उच्चारला गेला आणि त्याला ओ मिळाली, म्हणून घरच्यांच्या दृष्टीने नाते जुळले.

५. आपले आणि परक्याचे

समोरासमोरच्या हाकेखेरीज आदराचे आणखी एक क्षेत्र आहे. स्वतःच्या आणि श्रोत्याच्या नातलगांचा उल्लेख करताना काय म्हणावयाचे, हे ते क्षेत्र होय. हा निर्देशाचाच प्रकार असला, तरी तो श्रोत्याच्या समोर घडतो आणि त्यामुळे त्याला संबोधनाचा रंग चढतो. सुसंस्कृत लेखनात व औपचारिक भाषणात स्वतःच्या थोरल्या नातलगांना ‘च्या’ हे पद लागते. त्याचा अर्थ ‘घर’. ‘च्याफू’ म्हणजे माझे वडील. स्वतःच्या धाकट्या नातलगांना ‘षअ’ लागते. त्याचा अर्थ ‘झोपडी’ अथवा ‘साधे निवासस्थान’. ‘षअती’ म्हणजे माझा धाकटा भाऊ. श्रोत्याच्या नातलगांना मात्र ‘लिङ्’, म्हणजे ‘उत्तम’, हे पद लागते: ‘लिङ्त्सुन’ म्हणजे आपले वडील, ‘लिङ्थाङ्’ म्हणजे आपल्या मातोश्री. ‘लिङ्’ हे पद स्वतःच्या वडिलांना लावणे हा हास्यास्पद प्रमाद समजला जातो. दिवंगत वडिलांना ‘श्येन’, म्हणजे ‘पूर्वीचे’, हे पद लावून ‘श्येनफू’ म्हणतात.

ही व्यवस्था अनादि काळापासून जशीच्या तशी चालत आली, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. सहाव्या शतकातील येन चिथुइ या पंडिताने आपल्या वंशजांसाठी जो उपदेशग्रंथ लिहिला, त्यात संबोधनांच्या शिष्टाचाराची चर्चा आहे. तिसऱ्या शतकातील कवी त्साउ चि याने आपल्या वडिलांना ‘च्याफू’ म्हटले होते, याची नोंद घेऊन, अशा प्रयोगाला आपल्या काळात लोक हसतात आणि केवळ खेडवळ माणसेच तसे बोलतात, असे येन सांगतो. म्हणजे तिसऱ्या शतकात उच्चकुलीनांनी वापरलेला शब्द सहाव्या शतकात ग्राम्य ठरला, आणि पुढे तोच पुन्हा शिष्टतेची खूण बनला. यावरून आदर हा शब्दाचा अंगभूत गुण नसून तो शब्द वापरणाऱ्या समाजाने त्याच्यावर केलेला संस्कार असतो, हे स्पष्ट होते.

६. दक्षिणेकडील भाषांची साक्ष

मँडरिनवरून केलेले अनुमान सर्व चिनी भाषांना लावणे किती धोक्याचे आहे, हे दक्षिणेकडील भाषांवरून दिसून येते. मँडरिनमध्ये वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या बहिणींना सामान्यतः एकच शब्द लागतो. कँटनीजमध्ये मात्र थोरली बहीण ‘कूमा’ आणि धाकटी ‘कूचे’. या शब्दांतील ‘मा’ मातृवाचक आहे आणि ‘चे’ थोरल्या बहिणीचा वाचक आहे. वडिलांहून मोठी आत्या आईच्या पंक्तीला बसविली आहे आणि धाकटी आत्या थोरल्या बहिणीच्या.

एकच लिखित शब्द दोन भाषांत दोन नाती दाखवितो, असेही घडते. मँडरिनमध्ये ‘नाइनाइ’ म्हणजे वडिलांची आई. कँटनीजमध्ये त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा आणि जवळपास तसाच उच्चारला जाणारा शब्द सून आपल्या सासूला हाक मारताना वापरते. उत्तरेकडील मुलगी कँटनीज घरात सून म्हणून गेली, तर तिच्या कानाला ती सासूला आजी म्हणत असल्याचा भास व्हावा. पूर्वीच्या एका प्रकरणात आलेले ‘घर’ या अर्थाचे पद कँटनीजमध्ये ‘का’ असे उच्चारले जाते, आणि थोरल्या बहिणीला तेथे ‘काचे’ म्हणतात. परक्याशी बोलताना वापरावयाचे हे नम्रतादर्शक पद येथे घरातल्या घरात, प्रत्यक्ष बहिणीला हाक मारताना वापरले जाते.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी उदाहरणे काकू आणि मामी यांच्या शब्दांची आहेत. धाकट्या काकाच्या पत्नीला मँडरिनमध्ये ‘षन’, कँटनीजमध्ये ‘साम’ आणि होक्क्येनमध्ये ‘चीम’ म्हणतात. मामीला कँटनीजमध्ये ‘खाम’ आणि होक्क्येनमध्ये ‘कीम’ हे शब्द आहेत. प्राचीन ग्रंथांत हे शब्द आढळत नाहीत. सुङ् काळातील चाङ् लेइ (१०५४–१११४) याने ते दोन अक्षरांच्या जलद उच्चारातून झालेले आकुंचन असल्याचे सांगितले होते. नात्याचा वाचक शब्द आणि त्यापुढे मातृवाचक ‘मू’, असे ते मूळ रूप होय. मँडरिनमध्ये शब्दान्तीचा ‘म’ पुढे ‘न’ झाल्यामुळे ही खूण पुसली गेली. कँटनीज आणि होक्क्येन यांनी तो ‘म’ राखला, आणि त्या एका व्यंजनात ‘मू’ची, म्हणजे आईची, आठवण शिल्लक राहिली.

फूच्येन, क्वांगतुंग आदि दक्षिणेकडील प्रदेशांतील काही घराण्यांत आणखी एक प्रथा आढळते. आईवडील आणि मूल यांच्या जन्मपत्रिका परस्परांना बाधक ठरल्या, अथवा मूल दगावेल अशी भीती वाटली, तर मुलाला वडिलांना ‘काका’ आणि आईला ‘काकू’ किंवा ‘मावशी’ म्हणावयास शिकवितात. होक्क्येनमधील मावशीवाचक शब्दाचा उच्चार ‘आई’ असा होतो. मराठी ‘आई’शी त्याचे असलेले ध्वनिसाम्य हा अर्थातच केवळ योगायोग आहे. प्रथेमागील समजूत काहीही असो, हाक मारण्याने नाते घडते आणि हाक टाळण्याने ते दैवापासून लपविता येते, ही श्रद्धा तिच्या मुळाशी आहे.

७. दुसऱ्याच्या दृष्टीतून नाते

आदर व्यक्त करण्याचा एक मार्ग स्वतःला एक पायरी खाली नेण्याचा असतो. सून आपल्या दिराला स्वतःच्या नात्याने न संबोधता आपल्या मुलाच्या नात्याने संबोधते. नवऱ्याच्या थोरल्या भावाला ‘ता-पो’ आणि धाकट्याला ‘श्याउ-षू’ म्हणतात. यांतील ‘पो’ आणि ‘षू’ हे मुलाने वापरावयाचे काकावाचक शब्द आहेत. या अपत्यदृष्टीच्या संबोधनाने चिनी नातेशब्दांचा इतिहास कसा घडविला, याचे विवेचन फेङ् यांनी १९३६ सालच्या एका स्वतंत्र निबंधात केले आहे.

त्यांच्या विवेचनाचा आधार ‘अर-या’ हा चीनमधील सर्वांत प्राचीन कोश होय. त्याचे एक प्रकरण केवळ नातेशब्दांना वाहिलेले आहे. त्यात ‘यी’ या शब्दाचा अर्थ पत्नीची बहीण असा आहे. मावशीला ‘त्सुङ्-मू’ असा वेगळा शब्द आहे. पुढे वडील ज्या स्त्रीला ‘यी’ म्हणत, तिला मुलेही ‘यी’ म्हणू लागली आणि तो शब्द मावशीवाचक बनला. उलट ‘च्यौ’ हा मामाचा वाचक शब्द मुलांच्या तोंडून वडिलांच्या तोंडी गेला आणि पत्नीच्या भावालाही लागू झाला. एक शब्द वरून खाली आला, दुसरा खालून वर गेला.

याच कोशातील आणखी एक नोंद मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. तेथे विवाहित स्त्री नवऱ्याच्या वडिलांना ‘च्यौ’ आणि नवऱ्याच्या आईला ‘कू’ म्हणते. म्हणजेच सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या. मराठीत सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्याशी हे साम्य तंतोतंत जुळते. मार्सेल ग्राने यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राचीन चीनमध्ये आते-मामे भावंडांच्या विवाहाची व्यवस्था होती, असा सिद्धान्त मांडला. त्याच्या आधारांपैकी हे दुहेरी अर्थाचे शब्द एक होत. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांची मांडणी करताना महाराष्ट्रातील मामेबहिणीशी होणाऱ्या विवाहांचा विचार केला आहे.

तथापि, एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. ज्या मराठी घरांत आते-मामे भावंडांचे विवाह होत नाहीत, त्या घरांतही ‘मामंजी’ हा शब्द रूढ होता. सासऱ्याला जवळिकीने, पण योग्य अंतर राखून हाक मारण्यास तो सोयीचा होता, एवढे कारण त्याच्या टिकण्यास पुरेसे होते. विवाहपद्धतीने एखादा शब्द जन्माला घातला असेल. परंतु त्याला पुढे जगविले ते आदराने. चीनमध्ये स्वतः ‘च्यौ’ आणि ‘कू’ हे शब्द सासू-सासऱ्यांच्या अर्थाने बोलीतून लुप्त झाले आणि केवळ ग्रंथांत राहिले. शब्द आणि समाजरचना यांची पावले बरोबरीने पडत नाहीत.

८. घराबाहेर आणि घर लहान झाल्यावर

चिनी नातेशब्दांचा संचार कुटुंबापुरता मर्यादित नाही. वडिलांच्या वयाच्या परक्या पुरुषाला ‘षूषू’ आणि आईच्या वयाच्या परक्या स्त्रीला ‘आयी’ म्हणणे हा सर्वत्र रूढ असलेला शिष्टाचार आहे. पुरुषासाठी पित्याचा भाऊ आणि स्त्रीसाठी मातेची बहीण, अशी ही निवड आहे; मराठी मुले परक्यांना ‘काका’ आणि ‘मावशी’ म्हणतात, तेव्हा तीही हीच निवड करीत असतात. मित्राच्या वडिलांना, ते आपल्या वडिलांहून लहान असले तरी, ‘पोफू’ म्हणजे थोरले काका म्हणणे अधिक सभ्यतेचे समजतात. संशय असेल तेथे एक पायरी वर चढवावी, असा हा नियम आहे.

१९४९ नंतरच्या काही दशकांत सार्वजनिक जीवनात ‘सहकारी’ अथवा ‘कॉम्रेड’ या अर्थाच्या ‘थुङ्-चि’ या समतावाचक संबोधनाचा प्रसार झाला. परंतु घरातील नातेशब्दांना त्याने हात लावला नाही. उलट त्याच काळात मुलांना सैनिकांना ‘मुक्तिसेनेचे काका’ म्हणावयास शिकविले जात होते. नातेशब्दांवर खरा परिणाम झाला तो लोकसंख्याविषयक धोरणाचा. सप्टेंबर १९८० मध्ये सर्वत्र लागू करण्यात आलेले एक-अपत्य धोरण २०१५ अखेरपर्यंत चालले. ग्रामीण भागांत आणि अल्पसंख्य जमातींना सवलती होत्या, परंतु शहरांत ते कडकपणे पाळले गेले. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन अपत्यांना अनुमती मिळाली. ज्या शहरी मुलाचे आईवडील दोघेही एकुलते एक आहेत, त्याला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. साहजिकच ‘थाङ्’ आणि ‘प्याउ’ भावंडेही नाहीत. तो ‘षूषू’ आणि ‘आयी’ हे शब्द शिकतो, पण ते शेजाऱ्यांसाठी, पोलिसांसाठी, घरी कामाला येणाऱ्या बाईंसाठी. जे शब्द कुटुंबातून बाहेर गेले होते, ते आता बाहेरून कुटुंबात येऊ पाहत आहेत.

वसंतोत्सवात गावी गेलेल्या तरुणांना दूरच्या नातलगांना काय म्हणावयाचे हे आठवत नाही, म्हणून नात्याचे टप्पे भरले की योग्य शब्द सांगणारी साधने आता मोबाइल फोनवर मिळतात. ती साधने शब्द देतात. परंतु हाक मारण्याची सवय, वडिलांच्या नजरेचा इशारा ओळखून वेळीच उच्चारलेला शब्द आणि त्याला मिळालेली ओ, या गोष्टी गणिताने मिळत नाहीत.

९. समारोप

वरील विवेचनातून जे निष्पन्न होते, ते थोडक्यात असे मांडता येईल. चिनी भाषांत आदराचे मुख्य स्थान नातेशब्दाचा उच्चार हे आहे. हा उच्चार खालून वर जातो. तो पिढी, वय आणि कूळ यांतील स्थान मान्य करतो. तो स्वतःच अभिवादन असतो. आणि प्रसंगी तो नाते निर्माणही करतो. त्याचे नियम काळानुसार व प्रदेशानुसार बदलले आहेत, पण नात्याने हाक मारणे हीच आदराची कृती, हे तत्त्व या सर्व बदलांतून टिकून राहिलेले दिसते.

नातेशब्दांचे संकलन करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. ‘आईच्या भावाला काय म्हणतात?’ हा एकच प्रश्न विचारून वही भरल्यास हाती निर्देशशब्दांचा सांगाडा तेवढा येतो. समोर काय म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात, परक्यांसमोर काय म्हणतात, विवाहापूर्वी आणि नंतर काय म्हणतात, आणि मुलाला कोणती हाक मारावयास शिकवितात, हे पाच प्रश्न प्रत्येक नात्याच्या बाबतीत स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजेत. ‘मामंजी’, ‘आत्याबाई’, ‘भाऊजी’, ‘वन्सं’ यांसारखे शब्द ज्यांच्या कानांवर रोज पडत होते, अशी माणसे आज वार्धक्यात आहेत. हे शब्द कोशात सापडतील. ते कोणत्या स्वरात, कोणाच्या देखत आणि कशानंतर उच्चारले जात, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल.